एकच पातं का हलतं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पत्र



मी मोहाडीला (जि. भंडारा) अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दिवाळीत मामांनी नागपूरहून सहा चॅनेलचा एक वापरलेला रेडिओ ट्रान्समीटर, त्याचा रिसीव्हर, दोन सर्व्हो आणि एक मोटर आणून दिली. सनबोर्ड कापून मी त्रिकोणी पंखाचं, शेपूट नसलेलं विमान बनवलं. धान कापून झाल्यावर आमच्या बांधीत ते उडवायला गेलो. भावाने हाताने फेकलं, विमान छान वर गेलं. मी वळवायला उजवी स्टिक बाजूला केली, तर ते कलंडलं आणि नाकावर धुऱ्यावर आदळलं. घरी येऊन पाहिलं तर स्टिक बाजूला केली की एकच पातं हलतं, आणि पुढेमागे केली की दुसरं एकटंच हलतं.

मामा म्हणतात, "ट्रान्समीटरचं प्रोग्रामिंग करावं लागतं." मेनूत रिव्हर्स, एंड पॉइंट, सबट्रिम, ड्युअल रेट, एक्स्पो, मिक्स, फेलसेफ असे कितीतरी शब्द आहेत. प्रोग्रामिंग म्हणजे नेमकं काय? त्यासाठी कोडिंग यावं लागतं का? शिवाय मी मिक्स 'ऑन' केलं होतं, पण दुसऱ्या दिवशी ते परत 'ऑफ' दिसलं. सेट बिघडला आहे का?

— एक विद्यार्थिनी, मोहाडी

उत्तर

तुझा सेट बिघडलेला नाही. विमान हातातून सुटल्यावर छान वर गेलं असं तू लिहिलंस, म्हणजे पंखाचं वजन आणि तोलही ठीक असणार. विमान पाडलं ते एका न झालेल्या बेरजेने. ती बेरीज ट्रान्समीटरने करायची असते आणि त्याला तसं सांगणं म्हणजेच प्रोग्रामिंग. पत्रात तू विमान पडल्याचं वर्णन नीट केलंस, कोणत्या हालचालीला कोणतं पातं हलतं तेही लिहिलंस. त्यामुळे घरबसल्या निदान करता आलं. हे निरीक्षण पुढेही कामाला येईल, म्हणून एकेक प्रश्न सावकाश घेऊ.

प्रोग्रामिंग म्हणजे नेमकं काय?

तू मोहाडीची आहेस, तेव्हा माग पाहिला असशील. मोहाडी, आंधळगाव हा कोशाच्या कापडाचा पट्टा. विदर्भाच्या करवतकाठी साडीच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. नक्षी काढायला मागावर डॉबी नावाची यंत्रणा बसवतात, तेव्हा तिच्यात लाकडी पट्ट्यांची एक माळ असते आणि पट्ट्यांवर खुंट्या ठोकलेल्या असतात. जिथे खुंटी आहे तिथल्या ताण्याचे धागे उचलले जातात, जिथे नाही तिथले खाली राहतात. विणकर पायाने पावडी दाबतो आणि धोटा फेकतो, पण कोणत्या दाबाला कोणते धागे उठायचे हे विणायला बसण्याआधीच खुंट्यांनी ठरवलेलं असतं.

ट्रान्समीटरचा मेनू म्हणजे तुझ्या खुंट्यांची माळ. स्टिक उजवीकडे गेली की कोणत्या सर्व्होने किती आणि कोणत्या दिशेने फिरायचं, अमुक खटका खाली असेल तर किती, संपर्क तुटला तर काय, हे सगळं टेबलाशी बसून शांतपणे ठरवायचं. म्हणून मला वाटतं, आपण विमानाला शिकवत नसतो, आपल्या हाताच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ आधी ठरवून ठेवत असतो. हवेत विचार करायला सेकंद-दोन सेकंद मिळतात. बोटाने केलं ते आणि विमानाने केलं ते एकच असलं पाहिजे.

मग एकच पातं का हललं?

आधी सर्व्होला काय कळतं ते पाहू. त्याच्या तीन तारांपैकी दोन विजेच्या, तिसरी इशाऱ्याची. त्या तारेवर रिसीव्हर सेकंदाला साधारण 50 वेळा विजेचा एक छोटा ठोका पाठवतो. ठोका 1.5 मिलिसेकंदांचा असेल तर सर्व्होचा हात मधोमध राहतो. 1 मिलिसेकंदाचा असेल तर एका टोकाकडे जातो, 2 मिलिसेकंदांचा असेल तर दुसऱ्या. 'चॅनेल' म्हणजे अशा एका ठोक्याची एक वाट. तुझ्या सेटला सहा वाटा आहेत.

नेहमीच्या विमानाला पंखांवर एलेरॉन असतात, ते डावीकडे-उजवीकडे कलवतात. शेपटीवर एलेव्हेटर असतो, तो नाक वर-खाली करतो. दोन कामं, दोन जागा. म्हणून पहिला चॅनेल एलेरॉनला आणि दुसरा एलेव्हेटरला, असा सरळ हिशोब बसतो. तुझ्या विमानाला शेपूटच नाही. मागच्या कडेला दोनच पाती आहेत आणि दोन्ही कामं त्यांनाच करायची आहेत. अशा पात्यांना एलेव्हॉन म्हणतात. दोन्ही वर गेली तर नाक वर येतं. उजवं वर आणि डावं खाली गेलं तर विमान उजवीकडे कलतं.

तू एक सर्व्हो पहिल्या चॅनेलला जोडलास, दुसरा दुसऱ्या चॅनेलला. मिक्स बंद होतं, म्हणून ट्रान्समीटरने पहिल्याला फक्त कलण्याचा हुकूम दिला आणि दुसऱ्याला फक्त नाकाचा. वळताना एकच पातं हललं. ते खाली गेलं असेल, तर त्या बाजूचा पंख उचलला गेला आणि त्याच वेळी नाकही खाली दाबलं गेलं. विमान कलंडत जमिनीकडे गेलं ते असं.

आता ही बेरीज, म्हणजेच मिक्स, पाहा. पातं वर जाण्याला अधिक म्हणू, खाली जाण्याला वजा. एलेव्हॉन मिक्समध्ये दोन्ही हुकमांना साधारणपणे निम्मा-निम्मा वाटा देतात. स्टिक पूर्ण ओढली तर उजवं पातं अधिक 50, डावं अधिक 50. स्टिक पूर्ण उजवीकडे नेली तर उजवं अधिक 50, डावं वजा 50. दोन्ही एकदम केलं तर उजवं 50 अधिक 50, म्हणजे 100. डावं 50 वजा 50, म्हणजे शून्य. विमान वर येत उजवीकडे वळेल.

वाटे निम्मे का, तेही लक्षात येईल. दोन्ही हुकमांना पूर्ण 100 दिले, तर एकत्र ओढल्यावर उजव्या पात्याची बेरीज 200 होते. पण सर्व्होची मर्यादा 100च आहे, वरचे 100 वाया जातात. पूर्ण ओढलेल्या अवस्थेत तू उजवीकडे वळायला गेलीस तर उजवं पातं आणखी वर जाऊच शकत नाही आणि वळण अर्धवट होतं. ओझं दोन खांद्यांवर वाटायचं असेल तर प्रत्येक खांद्यावर थोडी जागा मोकळी ठेवावी लागते.

मिक्स चालू केल्यावरही पाती उलटी हलली तर?

पहिल्या प्रयत्नात बहुधा उलटीच हलतील, कारण दोन सर्व्हो पंखाखाली आरशातल्यासारखे समोरासमोर बसवलेले असतात. घाबरून सगळे पर्याय फिरवत बसू नकोस. क्रम ठेव. विमानाचं नाक तुझ्यापासून दूर, तू विमानाच्या मागे.

आधी फक्त ओढण्याची हालचाल बघ. स्टिक स्वतःकडे ओढलीस की दोन्ही पाती वर गेली पाहिजेत. जे खाली जातं, त्या चॅनेलला मेनूतल्या 'रिव्हर्स'मध्ये उलटं कर. ओढणं बरोबर झाल्याशिवाय वळणाकडे बघायचं नाही.

मग स्टिक उजवीकडे ने. उजवं पातं वर, डावं खाली गेलं पाहिजे. उलट होत असेल तर रिव्हर्सला हात लावू नकोस. रिसीव्हरमधल्या पहिल्या आणि दुसऱ्या चॅनेलच्या पिना एकमेकींच्या जागी लाव, आणि ओढण्याची हालचाल पुन्हा तपास. पिना बदलल्या की रिव्हर्सही बदलावा लागू शकतो.

लक्षात ठेवायला सोपं सूत्र: स्टिक ज्या बाजूला, त्या बाजूचं पातं वर. हे पाठ झालं पाहिजे, कारण नवशिक्यांची कित्येक विमानं एलेरॉन उलटे राहिल्यामुळे पहिल्याच उड्डाणात पडतात.

हे सगळं करताना पंखा काढून ठेव. पुढचा किंवा मागचा, जो प्रॉपेलर असेल तो मोटरवरून उतरवायचा, मगच बॅटरी जोडायची. मेनूत चाचपडताना मोटर अचानक फिरली तर तो पंखा बोट कापतो. यात सवलत नाही, घाईही नाही.

मोटर उलटी फिरत असेल तर तो प्रश्न मेनूचा नाही. ब्रशलेस मोटरला तीन तारा असतात, त्यांतल्या कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की दिशा बदलते. मोटरची दिशा सुधारायला थ्रॉटलचा, म्हणजे मोटरच्या वेगाचा, चॅनेल रिव्हर्स करायचा नाही. तसं केलं तर स्टिक खाली असताना मोटरला पूर्ण वेगाचा हुकूम जातो.

'ऑन' केलेलं 'ऑफ' कसं झालं?

तुझ्या सेटसारख्या काही सहा चॅनेलच्या सेटमध्ये बदल जतन करण्याची पद्धत उलटी वाटते. 'ओके' दाबलं की बदल पक्का झाला असं आपण समजतो, पण ते बटण फक्त पुढच्या ओळीवर नेतं. जतन करायला 'कॅन्सल' बटण दाबून धरावं लागतं. नुसतं दाबून सोडलं तर बदल टाकून दिला जातो. 'रद्द' लिहिलेलं बटण धरून ठेवल्यावर काम पक्कं होतं, हे कोणालाही आपोआप सुचणार नाही. हा तुझा दोष नाही. बदल कर, कॅन्सल दाबून धर, सेट बंद करून परत चालू कर आणि बदल टिकलाय का बघ. प्रत्येक बदलानंतर ही सवय ठेव.

दुसरं कारणही असू शकतं. ट्रान्समीटरमध्ये अनेक विमानांच्या वेगवेगळ्या नोंदी ठेवता येतात, त्याला मॉडेल मेमरी म्हणतात. तू बदल एका नोंदीत केलास आणि नंतर सेट दुसरी नोंद दाखवत असेल, तरी 'ऑफ' दिसेल. पहिल्याच दिवशी नोंदीला नाव दे. सेटमध्ये देवनागरी अक्षरं नसतील तर इंग्रजी अक्षरांत 'MOHADI 1' असं टाईप कर. उडवण्याआधी पडद्यावरचं नाव वाचायची सवय लाव. एका विमानाच्या नोंदीवर दुसरं विमान उडवणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून रस्ता ओलांडणं.

बाकीचे शब्द कोणत्या क्रमाने शिकायचे?

ज्या क्रमाने ते लागतात त्याच क्रमाने.

बाइंड. रिसीव्हरला तुझ्या ट्रान्समीटरची ओळख पटवणं. रिसीव्हरमध्ये बाइंडची पिन लावून वीज द्यायची आणि ट्रान्समीटर बाइंडचं बटण धरून चालू करायचा. एकदा ओळख पटली की शेजारच्याचा सेट चालू असला तरी तुझा रिसीव्हर तुझंच ऐकतो.

सबट्रिम. स्टिक मध्ये असताना सर्व्होचा हात जोडतारेशी काटकोनात हवा आणि पातं पंखाशी सरळ. आधी हात खोलून जवळच्या खाचेत बसव, मग तार लांब-आखूड कर. उरलेला केसभर फरकच सबट्रिमने काढायचा. हाताने करण्याचं काम मेनूवर ढकललं की एका बाजूला सर्व्होची चाल कमी पडते.

एंड पॉइंट. सर्व्होने टोकापर्यंत किती जायचं त्याची हद्द. पातं अडत असेल आणि सर्व्हो घुरघुर करत असेल तर हद्द कमी कर. पण पातं फारच जास्त हलतं म्हणून हद्द 40 टक्क्यांवर आणू नकोस. त्यापेक्षा जोडतार सर्व्होच्या हातातल्या आतल्या भोकात लाव. पातं कमी हलेल आणि सर्व्होची पूर्ण ताकद कामाला येईल.

ड्युअल रेट. एका खटक्यावर दोन चाली. खटका एकीकडे असताना पूर्ण 100 टक्के, दुसरीकडे 60 टक्के. पहिलं उड्डाण कमी चालीवर करावं. मात्र फेकताना विमान जोरात खाली जात असेल तर पूर्ण चाल लगेच मिळाली पाहिजे. म्हणून हा खटका न बघता बोटाला सापडेल असा निवड.

एक्स्पो. यावर थोडं थांबू, कारण अकरावीच्या गणिताला ते अगदी जवळचं आहे.

एक्स्पो म्हणजे काय?

एक्स्पो नसताना स्टिक आणि सर्व्हो यांचं नातं सरळ रेषेचं असतं. स्टिक अर्धी नेली तर पातं अर्धं. नवशिक्याचा हात मात्र मधल्या भागातच सारखा थरथरतो. त्या थरथरीला विमानाने उत्तर दिलं की ते डुलत उडतं. म्हणून मधल्या भागात उत्तर मऊ करायचं, टोकाला पूर्ण ठेवायचं. त्यासाठी सरळ रेषेत घन मिसळतात. स्टिकची जागा क्ष म्हणजे 0 ते 1. एक्स्पो 30 टक्के असेल तर उत्तर येतं क्षच्या घनाचे 30 टक्के अधिक क्षचे 70 टक्के.

करून बघ. क्ष 0.5 असेल तर त्याचा घन 0.125. त्याचे 30 टक्के 0.0375, आणि 0.5चे 70 टक्के 0.35. बेरीज 0.3875. म्हणजे अर्ध्या स्टिकला 50 ऐवजी साधारण 39 टक्के. पाव स्टिकला 25 ऐवजी साधारण 18. पूर्ण स्टिकला मात्र 0.3 अधिक 0.7, म्हणजे पूर्ण 100. आलेखाच्या कागदावर हे बिंदू मांड. वहीतला घनाचा आलेख आणि अंगठ्याखालचा विमानाचा स्वभाव एकच आहे, हे डोळ्यांना दिसेल.

एक सावधगिरी. काही कंपन्यांच्या सेटमध्ये मऊपणासाठी अधिक आकडा द्यावा लागतो, काहींत वजा. आकडा उलट पडला तर मधला भाग मऊ होण्याऐवजी जास्त तिखट होतो. पुस्तिकेवर विसंबू नकोस. स्टिक थोडी हलवून पातं कमी हलतंय की जास्त, हे डोळ्यांनी बघ.

संपर्क तुटला तर विमान काय करेल?

तू आधीच जे ठरवून ठेवलं असशील ते, आणि ठरवलं नसशील तर काहीही. हे आधी ठरवून ठेवणं म्हणजे फेलसेफ, आणि सगळ्या मेनूतला तो सर्वात मोलाचा शब्द आहे. काही रिसीव्हर संपर्क तुटल्यावर शेवटचा हुकूम धरून ठेवतात. शेवटचा हुकूम पूर्ण थ्रॉटलचा असेल तर विमान पूर्ण वेगाने गावावरून निघून जाईल. म्हणून फेलसेफमध्ये थ्रॉटल शून्य ठेवायचा. मग पंखा उतरवलेल्या अवस्थेत मोटर हळू चालवून ट्रान्समीटर बंद करायचा. मोटर थांबली पाहिजे. थांबली नाही तर त्या दिवशी उड्डाण नाही. एरवी मात्र चालू करताना ट्रान्समीटर आधी आणि बंद करताना ट्रान्समीटर शेवटी.

हा संपर्क टिकावा म्हणून माणसांनी केलेली खटपट मोठी सुंदर आहे. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात बिनतारी लहरींनी दूरवर घंटा वाजवून दाखवली. 1898 साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओने चालणारी छोटी बोट पाण्यात फिरवली. 1937 साली अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी 'गफ' नावाचं विमान रेडिओने उडवलं. ते आज तिथल्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयाकडे जपून ठेवलेलं आहे.

पुढे कित्येक दशकं प्रत्येक सेटची एक ठरलेली लहर असे आणि ती क्वार्ट्झच्या स्फटिकाने पक्की होत असे. एकाच मैदानावर दोघांची लहर एक निघाली तर एकाचं विमान हमखास पडे. म्हणून मैदानावर एक फळा असे आणि प्रत्येक लहरीचा एक कपड्यांचा चिमटा. ज्याच्याकडे चिमटा, त्यानेच सेट चालू करायचा.

यातून सुटका केली ती लहर बदलत राहण्याच्या कल्पनेने. 1942 साली अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना एका पद्धतीचं अमेरिकी पेटंट मिळालं. टॉर्पेडोला हुकूम देणारी लहर ठरलेल्या क्रमाने 88 जागांवर उड्या मारत राहील, आणि दोन्ही टोकांचा क्रम छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीने जुळवला जाईल, अशी ती कल्पना. स्वयंचलित पियानोची पट्टी तशीच असते, आणि डॉबीच्या खुंट्या तिच्याच नात्यातल्या. तुझा सेट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो आणि बाइंड केलेला रिसीव्हर त्याच्याबरोबर त्याच क्रमाने उड्या मारतो. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी 2005 साली परवानामुक्त झाला. म्हणून तुला हातात सेट घ्यायला वेगळा रेडिओ परवाना लागत नाही.

या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. तिला झाडांची ओली पानं, ओली भिंत आणि माणसाचं शरीर अडवतं. म्हणून रिसीव्हरची अँटेना बॅटरीखाली दाबू नकोस, आणि ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नकोस. टोकाच्या दिशेने ती सर्वात कमी लहर सोडते. आडवी ठेवलेली अँटेना चांगलं काम करते.

कोडिंग यावं लागतं का?

नाही. तुझ्या सेटला नुसते पर्याय आणि टक्के लागतात. पण तुझं कुतूहल पाहता पुढची वाट सांगून ठेवते.

या छंदातल्या लोकांनी एका स्वस्त ट्रान्समीटरसाठी स्वतःच नवीन आज्ञावली लिहायला घेतली. त्यातून ओपनटीएक्स आणि पुढे एजटीएक्स या मुक्त प्रणाली उभ्या राहिल्या. त्यांत सगळा विचार तीन पायऱ्यांत मांडलेला असतो. आधी स्टिक आणि खटके काय म्हणतात ते, मग त्यांची बेरीज-वजाबाकी, मग सर्व्होकडे जाणारा हुकूम. 'हा खटका खाली असेल आणि थ्रॉटल शून्य असेल, तरच मोटर चालू होऊ दे' अशा अटी त्यात घालता येतात. त्यांची कंपॅनियन नावाची मोफत आज्ञावली संगणकावर चालते आणि ट्रान्समीटर नसतानाही सराव करता येतो. शाळेच्या संगणकावर सुद्धा हे जमेल.

स्वतः कोड लिहायचंच असेल तर आर्डुइनोच्या दोन पाट्या आणि 2.4 गिगाहर्ट्झची दोन छोटी एनआरएफ 24 मॉड्यूल घे. एका पाटीवर दोन पोटेन्शिओमीटर, दुसऱ्या पाटीवर दोन सर्व्हो, आणि मधली एलेव्हॉनची बेरीज तू स्वतः दोन ओळींत लिही. ते विमानात बसवायची घाई करू नकोस, टेबलावरच ठेव. बेरीज हाताखालून गेली की मेनूतला 'मिक्स' हा शब्द कधीही परका वाटणार नाही.

आणखी एक. बऱ्याच ट्रान्समीटरना मागे ट्रेनरचं भोक असतं. योग्य केबलने तो संगणकाला जोडून सिम्युलेटरवर उडवता येतं. तिथे पडलेल्या विमानाला डिंक लागत नाही. तुझ्याकडे येणारं विमान वळवताना डावं-उजवं उलटं भासतं. ती सवय तिथेच लागू दे.

कुठे आणि कधी उडवावं?

धान कापलेली बांधी मऊ असते, पण चारही बाजूंनी धुरे असतात आणि कित्येक बांध्यांत लाखोळी वर येत असते. त्यापेक्षा गावाबाहेरचा, विजेच्या तारांपासून दूर असलेला पडीक माळ बघ आणि मालकाला विचारून घे. थंडीतली सकाळ सर्वात चांगली. ऊन चढलं की जमिनीवरून गरम हवा उठते आणि हलकं विमान हेलकावतं. वर घारी फिरत असतील तर थोडं थांब.

2021च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी, 25 किलोपर्यंत वजनाच्या आणि नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे. आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल असे विभाग आहेत. हिरव्यात साधारणपणे 400 फुटांपर्यंत मुभा असते. सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरच्या नकाशावर तुझा माळ कोणत्या रंगात येतो ते मामांना सोबत घेऊन बघ, आणि विमानाचं वजन 250 ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर नोंदणीचा नियमही वाच. आपल्या जिल्ह्यात जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे, कोका अभयारण्य आहे, पलीकडे गोंदियाजवळ बिरसीचा विमानतळ आहे. अशा ठिकाणांच्या आसपास विमान बाहेर काढूच नये.

टायमर नक्की लाव. समज, बॅटरी 2200 मिलिअँपिअर-तासांची आहे आणि मोटर सरासरी 15 अँपिअर ओढते. सगळी बॅटरी पावणेनऊ मिनिटांत रिकामी होईल. लिथियम पॉलिमर बॅटरी 80 टक्के वापरून झाली की थांबायचं असतं, म्हणजे सात मिनिटं. नवशिकीने पाच मिनिटांवर घंटा लावावी आणि उरलेल्या दोनांत निवांत उतरावं.

यातून पुढे काय?

एनसीसीच्या हवाई शाखेत एअरोमॉडेलिंग शिकवतात आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. नागपुरात 2 महाराष्ट्र एअर स्क्वाड्रन आहे. बारावीनंतर नागपुरात शिकायला गेलीस तर हवाई शाखा असलेलं महाविद्यालय शोध. 2023 साली मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिलांच्या 15,000 बचत गटांना शेतीसाठी ड्रोन देण्याचं ठरलं. अशा ड्रोनने धानावर फवारणी करणाऱ्या बाईच्या हातातही दोन स्टिक आणि काही खटके असतात. संपर्क तुटला तर काय, हा प्रश्न तिलाही आधी सोडवावा लागतो.

शेवटची गोष्ट. एक वही कर. प्रत्येक विमानाला एक पान. पानावर लिही: नोंदीचं नाव, कोणता चॅनेल रिव्हर्स, मिक्सचे टक्के, दोन्ही रेट, एक्स्पो, फेलसेफ, टायमर. एका वेळी एकच बदल कर, तारीख टाक, उडवून बघ, काय झालं ते पुढे लिही. दोन बदल एकदम केलेस तर विमान कशामुळे सुधारलं ते कधीच कळणार नाही.

माळावर गेलीस की विमान फेकण्याआधी त्याच्या मागे उभी राहा आणि भावाला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हण: नाव बरोबर. ओढली, दोन्ही वर. उजवी, उजवं वर. डावी, डावं वर. सोडली, दोन्ही सरळ. म्हणताना डोळे पडद्यावर नकोत, पात्यांवर हवेत.

विणकर संध्याकाळी मागावरून उठतो तेव्हा नक्षी खुंट्यांवर तशीच थांबलेली असते. सकाळी तो बसतो आणि पुढच्या धाग्यापासून काम सुरू करतो. तुझी वही तेच करेल. धुऱ्यावर आदळलेल्या विमानाचं नाक डिंकाने जोड, पहिल्या पानावर 'मिक्स: ऑन, 50-50' लिही, आणि कॅन्सल बटण दाबून धर.